रोज एक चूक

गवळदरा वस्ती, खर्ड्याजवळ
२९ जून २०२५

प्रिय दयाआत्या,

सप्रेम सलाम.

फोन केला की तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवतं आणि तू "बरी आहेस ना? ठेव मग" म्हणून मोकळी होतेस. म्हणून पत्र. पहिलं लिहिलेलं फाडलं, त्यात खाडाखोड फार झाली होती.

शाळा सुरू झाली. आम्ही दोघंच शिक्षक. पहिली-दुसरी मुख्याध्यापक राधाकृष्ण सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. नोव्हेंबरात माझी शिक्षणसेवकाची तीन वर्षं पुरी होतील. सरांचा अहवाल चांगला गेला तर मी कायम होईन. नाही तर काय होतं ते मला कुणीच नीट सांगत नाही, त्यामुळे भीती जास्तच वाटते.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. माझी मुलं माझ्यावर फार विश्वास ठेवतात. मंगळवारी घाईघाईत मी फळ्यावर सात आठे चोपन्न लिहिलं. सगळ्या वर्गाने ते सुंदर अक्षरात उतरवून घेतलं. ज्ञानेश्वरी म्हणून चौथीतली एक मुलगी आहे, हुशार. तिने आपल्या मनाने आधी छप्पन्न लिहिलं होतं. मग फळ्याकडे बघितलं आणि खोडून चोपन्न केलं. मी विचारलं, "अगं, का खोडलंस?" तर म्हणाली, "बाई, फळ्यावर हाय ना."

त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही. चौथीपर्यंत तू मला घरीच शिकवलंस, पण तू सांगितलेलं मी कधी डोळे झाकून मानलं नाही. उलट मीच तुला दुरुस्त करायचे. तू नेमकं काय करायचीस गं? या मुलांना तसं कसं करू?

तुझी,
आराधना


केडगाव
६ जुलै २०२५

आरू बाळा,

सलाम. दुसऱ्या पत्रात खाडाखोड करायची राहून गेली वाटतं. इतकं स्वच्छ पत्र वाचून मला आधी वाटलं, बँकेचंच आलंय.

मी काय करायचे म्हणून विचारतेस? चुका करायचे. रोज एक, मुद्दाम. आणि तू कपाळाला आठ्या घालून ती शोधायचीस. माझं सगळं गणिताचं शास्त्र एवढंच.

तूही तेच कर. मुलांना आधीच सांगून टाक, "रोज मी फळ्यावर एक चूक लपवणार. ज्याला सापडेल त्याने मधल्या सुट्टीची घंटा वाजवायची." एकदा सांगितलं की ते खोटं बोलणं होत नाही, हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहिते, कारण तू आता त्याच काळजीत पडशील. नाताळच्या नाटकात तू देवदूत झाली होतीस. तेव्हा तू लोकांना फसवलंस का? पंख तर माझ्या जुन्या पडद्याचे होते.

तुझी आत्या


गवळदरा वस्ती
२० जुलै २०२५

प्रिय आत्या,

म्हणजे तू मुद्दाम चुकायचीस? मला वाटायचं तुला हातच्याची बेरीज खरंच येत नाही! मी प्रार्थनेत तुझ्या बेरजेसाठी मागायचे, आणि पप्पांना सांगू नकोस म्हणून देवाला बजावायचे. आता एवढ्या वर्षांनी कळतंय. असो.

तू सांगितलंस तसं केलं. फजिती झाली. मला चूक करताच येत नाही. करायची वेळ जवळ आली की खडू मोडतो आणि (हे मला माहीतच नव्हतं) माझे कान लाल होतात. मुलं फळ्याकडे बघतच नाहीत, माझ्या कानांकडे बघतात. दुसऱ्याच दिवशी वर्गातला समर्थ ओरडला, "तिसऱ्या वळीत हाय! कान बघा, कान!" मी ओढणी कानांवरून घेतली, तर ज्ञानेश्वरी म्हणाली, "बाई, चूक करायच्या आधी तुमी खोकता."

घंटा रोज वाजते, पण गणितामुळे वाजत नाही. काय करू?

आराधना


केडगाव
२७ जुलै २०२५

आरू,

पत्र वाचून इतकी हसले की शेजारच्या नॅन्सीबाई काळजीने बघायला आल्या. त्यांनाही वाचून दाखवलं. रागावू नकोस.

तुला चूक जमत नाही तर सोड. चुका मुलांना करू दे, त्यांना कसली लाज? रोज एकाने फळ्यावर गणित सोडवायचं आणि त्यात चूक लपवायची. बाकीच्यांनी शोधायची. मात्र एक नियम कर. चूक कशीही चालणार नाही. पाच अधिक सात नऊशे, ही चूक नव्हे, टवाळी झाली. चांगली चूक कशी असते? लग्नात बिनबोलावता जेवून गेलेल्या माणसासारखी. पंगतीत बसलेला असतो आणि प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्या बाजूचा पाहुणा आहे.

बघ मग, तशी चूक करायला आधी बरोबर उत्तर यावं लागतं.

तुझी आत्या


गवळदरा वस्ती
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

मोठा घोटाळा झालाय. क्रमाने सांगते.

तुझी युक्ती फार छान चालली. मुलं घरून चुका तयार करून आणायला लागली. हातचा विसरणं आता कुणी चूक मानत नाही, "ती लई सोपी हाय" म्हणतात. शून्य कुठे दडवायचा, भागाकारात बाकी भाजकापेक्षा मोठी कशी ठेवायची, यावर झाडाखाली खलबतं चालतात. समर्थची आई सांगत होती, पोरगा जेवताना गालातल्या गालात हसतो. विचारलं तर म्हणतो, "उद्याची चूक आठवली."

पण मुलांना वर्ग अपुरा पडला. सोमवारी व्हरांड्यातल्या फळ्यावर कुणीतरी लिहिलं, "एकूण पट ३१, आज हजर ३४." सर त्याच्यासमोरून चारदा गेले. मीही गेले. दुपारी एका पालकाने फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "शाळेची घोडदौड! पटापेक्षा हजेरी जास्त!"

राधाकृष्ण सरांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. "कुणाचं काम आहे हे?" ज्ञानेश्वरी पुढे आली. म्हणाली, "सर, माझी चूक हाय."

सर विरघळले. "शाब्बास. चूक कबूल करायला धाडस लागतं, मुलांनो. जा बाळ, बस खाली."

ती बसेना. म्हणाली, "सर, सकाळपासनं कुणालाच घावली न्हाई. तुमालाबी न्हाई. मग आता घंटा मीच वाजवू का?"

पुढचं लिहीत नाही. सरांनी मला ऑफिसात बोलावलं. म्हणाले, "बाई, आम्ही आयुष्यभर पोरांच्या चुका काढल्या आन् तुमी चुका करायला शिकवताय? केंद्रप्रमुख साहेब शाळा तपासून जाईपर्यंत वर्गात एकसुद्धा चूक नको. करायची नको, शोधायची नको. तुमचा अहवाल मला लिहायचाय, ध्यानात ठेवा." मी शब्द दिला. मुलांनाही सांगितलं. आता वर्ग पुन्हा "होऽऽ बाई" म्हणतो. गणिताच्या तासाला कुणीतरी मेल्यासारखं वाटतं.

शब्द दिलाय, त्यामुळे मोडणार नाही. पण आत्या, मी चुकले का?

आराधना


केडगाव
३१ ऑगस्ट २०२५

मा. श्री. राधाकृष्ण सर यांस,

सविनय नमस्कार. मी आपल्या शाळेतल्या आराधनाची आत्या, निवृत्त शिक्षिका. हे पत्र तिला न सांगता लिहीत आहे आणि आपणही सांगू नये. ती काळजी करते.

आपल्या गणिताची कीर्ती तिच्याकडून ऐकली. एक अडचण आहे. आमच्या चर्चच्या आवारात दिव्यांसाठी खांब रोवायचे आहेत. फाटकापासून दारापर्यंत साठ फुटांची सरळ वाट आहे. तिच्या कडेने, फाटकाशी सुरुवात करून दाराशी शेवट होईल असे, दर दहा फुटांवर एक खांब. साठ भागिले दहा, म्हणजे सहा खांब लागतील. शिवाय विहिरीच्या गोल कठड्याभोवती, ज्याचा घेर साठ फूट आहे, दर दहा फुटांवर एक खांब. तिथेही सहाच. हिशेब बरोबर आहे ना, एवढं एका जाणकाराने बघावं अशी इच्छा. माझं वय झालं.

आपली,
दया


जि. प. प्राथमिक शाळा, गवळदरा वस्ती
८ सप्टेंबर २०२५

श्रीमती दयाताई यांस,

स. न. वि. वि.

आपले दि. ३१ ऑगस्टचे पत्र प्राप्त झाले. त्याचे बारकाईने अवलोकन केले असता त्यात गंभीर चूक आढळून आली आहे. आपण अंतरे मोजलीत, खांब मोजले नाहीत. पहिला खांब फाटकाशी उभा राहील, त्यानंतर सहा अंतरे, म्हणजे खांब सात. विहिरीभोवतीही आपण तीच चूक पुन्हा केली आहे. तिथेही सातच लागतील. अशा चुका भल्याभल्यांकडून होतात, तरी वाईट वाटून घेऊ नये.

काल रविवार होता, त्यामुळे सवडीने पाहता आले. चूक सापडल्यावर, खोटे कशाला सांगू, बरे वाटले.

आपला,
राधाकृष्ण
मुख्याध्यापक


केडगाव
१४ सप्टेंबर २०२५

मा. राधाकृष्ण सर,

फाटकाची चूक आपण अगदी अचूक पकडलीत. मान गए. पण आपल्या दोघांच्या पत्रांत मिळून आणखी एक चूक शिल्लक आहे. ती कुणाची, ते मी सांगणार नाही. घाई नाही. खांब नाताळला लागतील.

दया


गवळदरा वस्ती
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

आता माझं काही खरं नाही.

राधाकृष्ण सर हल्ली बोलत नाहीत. खिशात एक घडी केलेला कागद असतो. सुट्टीत तो काढून बघतात, मी आले की पटकन आत ठेवतात. काल ऑफिसच्या दारात मी स्वतः ऐकलं, ते पुटपुटत होते, "एक चूक अजून आहे. एक अजून आहे. दिसत कशी नाही?"

आत्या, ते माझ्या कामातली दुसरी चूक शोधताहेत. पहिली ती पटाची. दुसरी सापडली की अहवालात दोन्ही लिहितील. मी माझ्या पाठांची सगळी टाचणं पुन्हा तपासली. एक अनुस्वार सुटलेला सापडला, तो मी होऊन त्यांना दाखवला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तामिळ बोलतेय.

परवा त्यांनी पहिलीच्या पोरांना खिचडीला आधी सरळ पंगतीत बसवलं, मग उठवून गोलात बसवलं, मग पुन्हा पंगतीत. खिचडी गार झाली. स्वयंपाक करणाऱ्या बनुबाई मला म्हणाल्या, "सरांना काय झालंय वो? तुमी काय बोल्लात का त्यानला?"

केंद्रप्रमुख साहेब पुढच्या आठवड्यात येणार आहेत. प्रार्थना कर.

आराधना


केडगाव
२५ सप्टेंबर २०२५

आरू,

शोधतोय तर शोधू दे. सापडली की माणूस शांत होतो, असा माझा अनुभव आहे. तू मात्र तुझे अनुस्वार लोकांना दाखवत हिंडू नकोस.

प्रार्थना करते. हसू आवरलं की लगेच करते.

आत्या


गवळदरा वस्ती
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,

शब्द मोडला. तोही सगळ्यांदेखत. सांगते.

केंद्रप्रमुख साहेब मंगळवारी आले. माझ्या वर्गात बसले. मी फळ्यावर सगळं बरोबर लिहीत होते, मुलं "होऽऽ" म्हणत होती, साहेब जांभया देत होते. राधाकृष्ण सरांना ते बघवेना. "साहेब, मी एक मजेशीर गणित देतो," म्हणाले आणि खिशातला तो कागद काढला. गोल विहीर, घेर साठ फूट, दर दहा फुटांवर खांब, तर खांब किती? म्हणाले, "नगरकडच्या एका बाईंनी सहा सांगितले. मुलांनो, बाई चुकल्या. पहिला खांब मोजायचा असतो. उत्तर सात." आणि फळ्यावर भलामोठा सात काढून खाली दोन रेघा ओढल्या.

साहेब मान डोलावून म्हणाले, "बरोबर. सात."

ज्ञानेश्वरीने पाटीवर सहा लिहिलेला मला दिसत होता. तिने फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी दिलेला शब्द तिलाही ठाऊक होता. मग तिने थुंकी लावली आणि बोटाने सहा पुसायला घेतला.

आत्या, मला वाटलं, अहवाल जाऊ दे. माझ्या तोंडातून इतका मोठा आवाज निघाला की मीच दचकले. "पुसू नकोस! सर, चूक आहे!"

सरांचा चेहरा पांढरा पडला. साहेब ताठ बसले. "बाई, मी सुद्धा सातच म्हणालो. सिद्ध करा."

मी खडू घ्यायला वळले. पण महिनाभर उपाशी ठेवल्यासारखी पोरं उठली. कवायतीचा दोर अंगणात टाकला, टोकाला टोक जुळवून गोल केला. समर्थने पट्टीने खुणा केल्या. खुणेखुणेवर एकेक जण उभा राहिला. सहाजण झाले. समर्थ म्हणाला, "सर, सातवा खांब तुमी."

सर तावातावाने दोराच्या कडेकडेने चालत निघाले, शेवटच्या पोरापासून एक अंतर पुढे मोजलं आणि थांबले. तिथे ज्ञानेश्वरी उभी होती. ती सरकली नाही. मान वर करून म्हणाली, "सर, हितं मी हाय. मी पयला खांब."

सर तिच्याकडे बघत राहिले. मग दोराकडे. मग कपाळावर हात मारून इतक्या मोठ्यांदा ओरडले, "सापडली! अहो, सापडली!" साहेबांना काही कळेना. मलाही नाही. सरांनी ज्ञानेश्वरीच्या हातात घंटेची हातोडी दिली, तेव्हा मधल्या सुट्टीला अजून अवकाश होता.

साहेब मात्र जाताना माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. वहीत काहीतरी लिहून गेले. अहवाल त्यांच्याच सहीने पुढे जातो.

आराधना


जि. प. प्राथमिक शाळा, गवळदरा वस्ती
६ ऑक्टोबर २०२५

श्रीमती दयाताई यांस,

स. न. वि. वि.

उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, दोन्ही पत्रांतील चुकांची पुनश्च तपासणी करण्यात आली. त्यांपैकी एक चूक आपली असून उर्वरित एक चूक या कार्यालयाची आहे.

विहिरीला सहाच खांब लावावेत.

पंधरा दिवस झोप नव्हती. आपल्या भाचीला मी आज सर्व सांगितले आहे, त्याबद्दल क्षमस्व. ती आपल्यावर रागावली आहे. चुका शोधण्यावरील बंदी या कार्यालयाने उठवली आहे. मात्र व्हरांड्यातला फळा वगळून.

आणखी एखादे गणित असल्यास पाठवावे.

आपला,
राधाकृष्ण


गवळदरा वस्ती
१६ नोव्हेंबर २०२५

दयाआत्या,

मी रागावलेली आहे, हे आधी लिहून ठेवते. महिनाभर मी माझे अपराध शोधत होते आणि तुम्ही दोघं खांब रोवत होता! पप्पांना सांगितलं तर ते नुसते हसले. तुमच्या घराण्यात कुणालाच गांभीर्य नाही.

आता बाकीचं. राधाकृष्ण सरांनी माझा अहवाल लिहिला आणि पाठवण्याआधी वाचून दाखवला. त्यात होतं, "सदर शिक्षिकेच्या वर्गात चुका होत नाहीत." मी म्हटलं, "सर, हे खोटं आहे."

"अहो बाई, कायम व्हायचंय ना?"

"व्हायचंय. पण वर्गात रोज एक चूक होते. परवा दोन झाल्या."

सरांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग म्हणाले, "ठीक. 'विद्यार्थ्यांकडून हेतुपुरस्सर त्रुटीनिर्मिती करवून घेतात' असं लिहितो. खरं बी राहील आन् वरती कुणाला कळणार बी न्हाई."

पण केंद्रप्रमुख साहेबांना कळलं. त्या दिवशी वहीत त्यांनी माझ्याविरुद्ध काही लिहिलंच नव्हतं, परिपत्रकाचा मसुदा करत होते. मागच्या आठवड्यात ते परिपत्रक सगळ्या शाळांना आलं. "उपक्रम: रोज एक चूक. प्रत्येक वर्गाने रोज एक चूक करावी. आठवड्याचे सहा दिवस, चार आठवडे, एकूण सव्वीस चुका. फोटो पाठवावेत. चुकांची माहिती अचूक भरावी, अन्यथा मुख्याध्यापक जबाबदार राहतील."

सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. वाचून संपायच्या आत ज्ञानेश्वरी उभी. "सर, सहा चोक चोवीस."

सरांनी परिपत्रक उलटं करून टेबलावर ठेवलं. म्हणाले, "बाई, तुमचा अहवाल अजून साहेबांच्या टेबलावर हाय. आपल्याला काही दिसलं न्हाई. आपण सव्वीस चुका करू. दोन जास्त झाल्या तर काय बिघडतंय?"

तू पण हेच सांगशील हे मला माहीत होतं. म्हणून तुला विचारायच्या आधीच मी साहेबांना फोन लावला. मुलं भोवती गोळा झाली, म्हणून स्पीकरवर ठेवला. मी सांगितलं, साहेब, परिपत्रकात चोवीस हव्या आहेत.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "कुणी पकडली?"

"चौथीतल्या ज्ञानेश्वरीने."

"हं. तिला सांगा, ती चूक मी मुद्दामच ठेवली होती. अकरा शाळांत तुमचाच पहिला फोन. आणि तुमचा अहवाल सोमवारीच सही करून पुढं पाठवलाय. काळजी करू नका."

फोन बंद झाला. मी तिथेच पायरीवर बसले. डोळ्यांत पाणी आलं, ते कुणी बघू नये म्हणून ओढणीने पुसलं. ज्ञानेश्वरी शेजारी येऊन बसली. माझ्या पाठीवर हात ठेवून, मला समजावल्यासारखी, हळूच म्हणाली,

"जाऊ द्या बाई. चूक घावली की मोठी मानसं आसंच म्हंत्यात."

तुझी,
आराधना